घरच्या शब्दाला परका सोबती

खालिकबारी या पुस्तकाला त्याच्या पहिल्या दोन शब्दांवरून नाव मिळालं. खालिक आणि बारी हे दोन्ही अरबी शब्द, अर्थ एकच: निर्माता. त्यांच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच अर्थाचा हिंदवी शब्द येतो. पुढच्या ओळीही अशाच. एक शब्द दूरचा, एक घरचा आणि दोघांना बांधून ठेवणारा ताल. मकतबात, म्हणजे मुलांच्या जुन्या शाळेत, लहान मुलं मांडी घालून, अंग डोलवत हे पद्य म्हणत. अर्थ वेगळा सांगावा लागत नसे, कारण तो ओळीतच बसलेला असे. परंपरा हे पुस्तक अमीर खुसरोंच्या नावावर देते. विसाव्या शतकात हाफिज महमूद शेरानी यांनी मात्र ते जहांगीरच्या काळातल्या दुसऱ्याच एका खुसरोने रचल्याचं मांडलं. कर्ता कोणीही असो, पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी परक्या भाषेत पहिलं पाऊल टाकलं ते अशा ओळी म्हणत. मुलांना परकी भाषा हसतखेळत कशी शिकवावी, हा प्रश्न आज हैदराबादच्या बालवाड्यांत आणि भाषावर्गांत नव्याने विचारला जातो. दख्खनात त्याचं उत्तर जुनं आहे. घरचा शब्द जागेवर ठेवायचा, त्याच्या शेजारी परका शब्द बसवायचा आणि दोघांना ताल, कोडं किंवा खेळ यांनी जोडायचं. ही जोडी टिकली तोवर इथे भाषेत भाषा मिसळत गेली आणि माणसं बहुभाषी झाली. घरचा शब्द उठवून त्याच्या जागी परका बसवला गेला, तेव्हा तीच भाषा ओझं वाटू लागली. हैदराबादच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींचा पुरावा आहे.

पद्यकोशाचा हा प्रकार खालिकबारीपेक्षा जुना आहे. तेराव्या शतकात, आजच्या अफगाणिस्तानातल्या फराह गावच्या अबू नस्र फराही यांनी ‘निसाब-उस-सिबयान’ रचलं. सिबयान म्हणजे मुलं. निसाब म्हणजे जकात लागू होण्यासाठी माणसाजवळ असावी लागणारी किमान पुंजी, चांदीच्या हिशेबात दोनशे दिरहम. पुस्तकातले बैतही, म्हणजे द्विपदी, मुळात दोनशेच. लहान मुलाजवळ शब्दांची एवढी पुंजी जमली की तो भाषेत सधन झाला, असा या नावामागचा हिशेब. फराहींच्या विद्यार्थ्यांची भाषा फारसी होती आणि शिकायची होती अरबी, म्हणून अरबी शब्दाशेजारी फारसी अर्थ. पुस्तकाचे भाग वेगवेगळ्या वृत्तांत आहेत आणि वृत्ताची ओळखही तिथेच करून दिली आहे, त्यामुळे मुलाच्या कानावर शब्दांबरोबर छंदशास्त्रही पडत गेलं. पुढे हिंदुस्थानात फारसी हीच शिकायची भाषा झाली आणि तोच साचा हिंदवीसाठी वापरला गेला. या प्रकाराची प्रतिष्ठा एवढी की एकोणिसाव्या शतकात गालिबसारख्या कवीनेही मुलांसाठी ‘कादिरनामा’ नावाचा असाच पद्यकोश लिहिला. वृत्ताचं काम इथे केवळ गोडव्याचं नव्हतं. एखादा शब्द विसरला की ओळ लंगडते आणि ते मुलाच्या कानाला लगेच कळतं. यमकाचा शेवट हरवलेल्या शब्दाची वाट दाखवतो. चूक दाखवायला दर वेळी गुरुजी लागत नाहीत. पोर आपली चूक आपणच पकडतं, आणि या स्वतः पकडण्यातच शिकण्याचा मोठा आनंद असतो.

मराठी मुलखाला हे तंत्र परकं नव्हतं. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं गिरवून झाली की पाढे, परवचा आणि पुढे अमरकोश हे सारं तालावरच चाले. अमरकोश तर एका अर्थाच्या अनेक शब्दांची श्लोकबद्ध रांगच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच घराण्यातला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आणि सुमारे १३८० शब्द. तो मुलांसाठी नव्हता, कारकुनांसाठी होता. आणि त्याचा हेतू फारसी शिकवणं नसून राज्यकारभारातली फारसी दूर करून संस्कृत संज्ञा आणणं हा होता. तरीही त्याची बांधणी पाहावी: रुळलेला शब्द आणि नवा शब्द एकाच श्लोकात, शेजारी शेजारी. ज्यांना एक भाषा हटवायची होती त्यांनाही नवी भाषा लोकांच्या तोंडी बसवण्यासाठी जोडीचाच आधार घ्यावा लागला. फरक एवढाच की त्या वेळी घरच्यासारखी झालेली भाषा फारसी होती. दरबारी व्यवहारात ती किती मुरली होती हे या कोशावरूनच कळतं. मौलवी अब्दुल हक यांनी तर मराठीवरच्या फारसीच्या परिणामावर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. निजामाच्या हैदराबादेत दफ्तर-ए-दिवानी सांभाळणारं राय रायान हे घराणं मराठी ब्राह्मणांचं. मोडी आणि फारसी या दोन्ही लिप्यांत हात बसल्याशिवाय अशा घरातल्या मुलाला कामावर उभं राहता येत नसे. फारसी त्या मुलाची रोजीरोटी होती आणि मराठी त्याचं घर. दोन्ही भाषा एकाच मुलात नांदत होत्या.

शब्दांची जोडी जमली तरी भाषा जमतेच असं नाही. त्यापुढचं काम खेळांनी केलं. अमीर खुसरोंच्या नावावर ‘दो-सुखने’ नावाची कोडी आहेत. त्यांतल्या एका प्रकारात एक प्रश्न फारसीत, दुसरा हिंदवीत आणि दोन्हींचं उत्तर एकाच शब्दात. तो शब्द एका भाषेत एक अर्थ देतो आणि दुसऱ्या भाषेत दुसरा. उत्तर शोधणाऱ्याला दोन्ही भाषांत एकाच वेळी उभं राहावं लागतं. आपली मुलं प्रत्येक अक्षराला च लावून ‘च’ची भाषा बोलतात तेव्हा त्यांना मिळणारा आनंद याच जातीचा. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी म्हणता येते, हे मुलाला कोणी पटवून द्यावं लागत नाही. त्याला ते स्वतःच शोधायचं असतं. संतांनीही ही युक्ती ओळखली होती. नामदेवांच्या नावावरच्या एका गौळणीत वेगवेगळ्या प्रांतांच्या गौळणी आपापल्या बोलीत कृष्णाशी बोलतात. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत फकीर येतो, जोशी येतो, महार येतो आणि प्रत्येकाची बोली त्याच्याबरोबर येते. अर्जदस्त आणि ताकीदपत्र या फारसी वळणाच्या कचेरीतल्या कागदांनाही एकनाथांनी परमार्थाचं रूप दिलं, आणि ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोन धर्मांची भाषा समोरासमोर आणली. तंजावरच्या मराठी राजांपैकी शहाजींनी तर ‘पंचभाषाविलास’ हे नाटक संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत रचलं. गावच्या पारावर भारूड ऐकणाऱ्या पोराला फारसी वळणाचा कागद कळत नसेल, पण त्यातलं बोलणारं पात्र कळत असे. पात्राचा हात धरून शब्द आत येत आणि शब्दाबरोबर त्या पात्राची रीत, त्याचा नमस्कार, त्याची विनवणी हेही येई. संस्कृती शिकवणं म्हणतात ते याहून वेगळं काही नाही.

पुरुषांच्या मकतबाबाहेर, घरात, हेच काम स्त्रियांच्या हातून झालं. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सूफी परंपरेतून दखनीत चक्कीनामा, चरखानामा आणि लोरीनामा नावाची गाणी तयार झाली. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७४ साली त्यांवर लिहिलं. अशा रचनांच्या हस्तलिखितांचा मोठा साठा हैदराबादच्या ग्रंथसंग्रहांत सांभाळला गेला. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी १९३१ साली स्थापन केलेली इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू ही त्यांतली एक संस्था. चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा अलिफ या अक्षरासारखा उभा दिसतो आणि त्यावरून ईश्वराच्या नावाकडे वाट जाते. दळणारी बाई लिहायला शिकलेली नसेल, पण अरबी लिपीचं पहिलं अक्षर तिच्या मुठीत आलं होतं, आणि मांडीवरचं मूल ते ऐकत होतं. मराठी घरात त्याच पहाटे तसल्याच जात्यावर ओव्या चालत. जातं एक, ताल एक, भाषा दोन. दखनी ही बोलीच या शेजारातून घडली. ‘नको’ हा मराठी शब्द दखनीत ‘नक्को’ होऊन बसला, आणि शब्दाला जोर देणारा मराठी ‘च’ हैदराबादी माणसाच्या बोलण्यात आजही ठायीठायी ऐकू येतो. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी दखनीचा विचार मऱ्हाटी संस्कृतीचा आविष्कार म्हणून केला तो अशा पुराव्यांच्या बळावर. ‘च’ आणि ‘नको’ हे व्याकरणाच्या तासाला शिकायचे शब्द नव्हेत. ते हट्ट करताना, खेळात भांडताना, आईला नकार देताना तोंडी येणारे शब्द आहेत.

संस्कृतीची जोडी कशी जुळते हे आश्विनात सर्वांत स्पष्ट दिसतं. तेलंगणात पितृ अमावस्येपासून नऊ दिवस बतुकम्मा असते. फुलांचे थर रचून शंकूसारखा मनोरा करायचा, त्याभोवती बायका-मुलींनी फेर धरायचा, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची. कितीतरी गाण्यांत ओळीच्या शेवटी ‘उय्यालो’ हा पाळण्याचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याच दिवसांत मराठी मुली भोंडला किंवा हादगा मांडतात. मध्ये हत्तीचं चित्र, भोवती फेर, ओळीला ओळ जोडत जाणारी गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची चढाओढ. एका रिंगणातल्या मुलीला दुसऱ्या रिंगणात शिरायला शिकवावं लागत नाही. पावलं तीच असतात, बदलायचे असतात ते फक्त शब्द. बतुकम्मेच्या थरांत तंगेडू लागतं, म्हणजे आपला तरवड. गुनुगु लागतं, म्हणजे आपला कुरडू. बंती लागते, म्हणजे आपला झेंडू. ही झाडं दोन्ही मुलखांच्या बांधावर उगवतात. ज्या मुलीने माळावरून तरवड तोडून आणला आहे तिला तंगेडू हा शब्द पाठ करावा लागत नाही. तो तिच्या ओंजळीतल्या फुलाचं दुसरं नाव असतो. शेजारची सावित्रम्मा ज्या फुलाला एक नाव देते त्यालाच आजी दुसरं देते, हे कळलेलं मूल भाषेबद्दल सगळ्यांत मोठी गोष्ट शिकलेलं असतं. जग एक आहे आणि त्याला हाका मारण्याच्या रीती अनेक आहेत.

यावर एक आक्षेप साहजिक आहे. मकतब काय आणि पंतोजींची शाळा काय, तिथे छडी होती, घोकंपट्टी होती, चुकलं की अंगठे धरून उभं राहणं होतं. त्याला गंमत म्हणणं म्हणजे जुन्या काळावर गुलाल उधळणं होय. हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकायचं कारण नाही. जुन्या शाळेतली शिक्षा क्रूर होती. पण शिक्षा आणि पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्या लागतात. छडी पाढ्यांनाही होती, पत्रलेखनालाही होती. पद्याला ती चिकटली होती, पद्यातून निघाली नव्हती. भारूड, जात्यावरची गाणी, बतुकम्मा आणि कोडी यांत तर छडी कुठेच नव्हती, आणि त्यांतून शिकलेलं शाळेत शिकलेल्यापेक्षा जास्त टिकलं. पाठांतरालाही सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. सहा वर्षांच्या मुलाला पाठ करणं हाच आवडता खेळ असतो. तेच गाणं दहा वेळा, तीच गोष्ट रोज रात्री, असा हट्ट ते स्वतः धरतं. कंटाळा येतो तो अर्थ नसलेलं पाठ करताना. खालिकबारीच्या ओळीत अर्थ आत बसवलेला होता, म्हणून तिचं पाठांतर आंधळं नव्हतं.

दुसरा आक्षेप सत्तेचा. मराठी माणूस फारसी शिकला तो पोटासाठी, कारण कचेरीची भाषा तीच होती. सत्तेच्या दबावाखाली झालेल्या शिक्षणात आनंद कसला, असा प्रश्न येतो. दबाव होता हे मान्य. पण दबाव असतानाही शिकणं कधी गोड होतं आणि कधी कडू, याचं उत्तर हैदराबादनेच दिलं. निजाम राज्यात लोकसंख्येच्या साधारण निम्मे लोक तेलुगू बोलत, पाव भाग मराठी. उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू. १८८४ च्या सुमारास दरबाराची भाषा फारसीवरून उर्दूवर आली. उर्दू ही फारसीपेक्षा कितीतरी जवळची भाषा; दखनीमुळे ती रस्त्यावर कानी पडणारी. ती शेजारी म्हणून आली असती तर घरोघर रमली असती. पण ती माध्यम म्हणून आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उभं राहिलं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, त्यासाठी अनुवाद विभाग उघडला गेला, विज्ञानाची परिभाषा घडवली गेली, आणि त्याचं मोठेपण आजही मानलं पाहिजे. त्या भव्य प्रयोगाच्या सावलीत मात्र परभणी, बीड, नांदेडच्या खेड्यातल्या मुलाला गणित आणि भूगोलही बऱ्याचदा घरी कोणी न बोलणाऱ्या भाषेतून शिकावे लागत. ओळीतला घरचा शब्द गळून पडला होता. तालाची एक बाजू मोडली होती.

हे दुखणं लोकांना तेव्हाच कळलं होतं, याचा पुरावा त्या काळच्या संस्थांत आहे. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली ती १९०७ साली. औरंगाबादला सरस्वती भुवन १९१५ साली उभं राहिलं, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली. शालिबंड्यातलं भारत गुणवर्धक संस्थेचं वाचनालय तर १८९५ पासूनचं. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत भरलं. या सगळ्या खटपटीचा अर्थ उर्दूचा द्वेष असा लावणं अन्यायाचं होईल. याच पिढ्यांनी उर्दू शायरीवर जीव लावला. त्यांची मागणी इतकीच होती की मुलाचं पहिलं पाऊल घरच्या भाषेत पडावं. उर्दू त्यांना शेजारी हवी होती, घराच्या जागी नको होती.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. याच उर्दूमय व्यवस्थेतून सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस निघाला. १९१० साली निलंग्याला जन्मलेल्या पगडींनी मराठी, उर्दू, फारसी, तेलुगू, कन्नड यांच्याबरोबर गोंडी आणि कोलामीही आत्मसात केली. उर्दू काव्य मराठी वाचकाच्या दारात आणून ठेवलं आणि फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. पी. व्ही. नरसिंह राव हेही याच राज्यात जन्मलेले. त्यांनी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेली. मग माध्यमाची सक्ती वाईट कशी? उत्तर असं की या माणसांच्या घरात भाषेची जोडी शाबूत होती. घरात पोथी होती, ओवी होती, वाचणारी माणसं होती. शाळेने जो शब्द गाळला तो घराने भरून काढला. ज्या घरात कोणी वाचत नव्हतं तिथे भरून काढणारं कोणी नव्हतं, आणि तिथली मुलं शाळेतून गळाली. थोड्या असामान्य मुलांच्या यशावरून पद्धतीचा निवाडा करता येत नाही. पद्धत जोखायची ती सामान्य घरातल्या मुलावरून.

तो जोख याच राज्यात, त्याच काळात, आदिलाबादच्या डोंगरात झाला. १९४० च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने निजाम सरकारने गोंड मुलांसाठी योजना सुरू केली. मारलवाई इथे गोंड शिक्षकच तयार केले गेले. पहिली पुस्तकं गोंडीत लिहिली गेली, लिपी देवनागरी घेतली गेली आणि मजकुरात त्यांच्याच देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा आल्या. पुढे पगडींनीही अधिकारी म्हणून आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केलं आणि त्यांच्या भाषेचा अभ्यास केला. ज्या मुलांच्या भाषेला कोणी भाषाही म्हणत नव्हतं, त्यांना अक्षरओळख आपल्याच तोंडच्या शब्दांतून झाली, आणि देवनागरी हाती आल्यामुळे मराठीचं दारही उघडं राहिलं. एका बाजूला घरचा शब्द गाळणारी शाळा आणि दुसऱ्या बाजूला घरच्या शब्दापासून सुरू होणारी शाळा, या दोन्ही एकाच राज्याने एकाच काळात चालवल्या. दुसरी लहान होती, गरीब होती, पण दिशा तिची बरोबर होती.

निजाम राज्य संपवणाऱ्या पोलिस कारवाईनंतर उस्मानियातलं उर्दू माध्यम गेलं आणि इंग्रजी आलं. १९५८ साली हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषा आल्या आणि २००७ मध्ये तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं. तारनाक्याच्या या आवारात आज फ्रेंच, जर्मन, रशियन, अरबी, जपानी शिकवल्या जातात. अर्धशतकाहून अधिक काळ परकी भाषा कशी शिकवावी याचा विचार करणारं हे शहर आहे. या काळात एक मत फार प्रबळ झालं: परकी भाषा शिकवताना मुलाची भाषा वर्गात आणूच नये, अर्थ हावभावांनी आणि चित्रांनी सांगावा, नाहीतर मूल मनात भाषांतर करत बसतं. या मताचा रोख तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांवर होता, आणि त्या पद्धतीतली उणीव खरी होती. तिथे वाक्याशेजारी वाक्य होतं, पण ताल नव्हता, खेळ नव्हता, बोलणारं माणूस नव्हतं. मात्र त्या उणिवेचा दोष घरच्या शब्दाला देणं चूक होतं. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत मुलांना व्याकरणाऐवजी नकाशे, वेळापत्रकं आणि कोडी सोडवायला देऊन इंग्रजी शिकवून पाहिली. भाषा हेतूशिवाय शिकली जात नाही, ती काहीतरी करताना शिकली जाते, हे त्या प्रयोगाने जगाला सांगितलं. जात्यावर आणि फेरात शिकलेल्या दख्खनला ते नवं नव्हतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातल्या अनेक भाषा ही अडचण नसून साधन आहे असं मानलं, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याची आणि द्विभाषिक पुस्तकांची शिफारस केली. शासनाचे कागद फिरून त्याच जोडीपाशी येऊन ठेपले आहेत.

आजच्या हैदराबादेत मराठी घरातल्या मुलाभोवती भाषांची कमतरता नाही. शाळेत इंग्रजी, २०१८ च्या कायद्याने तेलुगू, रस्त्यावर दखनी, दूरदर्शनवर हिंदी, आणि हौसेने लावलेल्या वर्गात फ्रेंच किंवा जपानी. कमतरता आहे ती घरच्या शब्दाची. बालवाडीतली इंग्रजी बडबडगीतं मुलं सुरात म्हणतात, पण त्या गाण्यातल्या मेंढीशेजारी घरची मेंढी उभी नसते. ताल आहे, जोडी नाही. म्हणून गाणं पाठ होतं आणि भाषा होत नाही. मुलाला इतक्या भाषांनी गोंधळायला होईल अशी भीती काही पालकांना वाटते आणि ते गाळतात ती मराठी. दख्खनचा चारशे वर्षांचा अनुभव नेमकं उलट सांगतो. भाषा वाढल्याने मूल गोंधळत नाही, पायाखालची भाषा काढून घेतल्याने गोंधळतं.

म्हणून हैदराबादच्या मराठी पालकांना, विवेकवर्धिनीसारख्या जुन्या शाळांतल्या शिक्षकांना आणि ग्रंथालयं चालवणाऱ्यांना एक विनंती. मुलांसाठी नवा निसाब रचावा. पाणी आणि नीळ्ळू, दूध आणि पालू, फूल आणि पुव्वू, तरवड आणि तंगेडू, असे शेजार लावत जावे. अक्का आणि अण्णा हे शब्द तर दोन्ही घरांत आधीपासून आहेत, तिथूनच आरंभ करावा. तेलुगूनंतर त्याच ओळीत फ्रेंच किंवा जपानी शब्दाला जागा द्यावी. भोंडल्याला तेलुगू शेजारणींना बोलवावं आणि बतुकम्मेच्या फेरात आपल्या मुली पाठवाव्यात. फराहींच्या हिशेबाने दोनशे ओळी पुरतात. आणि निसाबाचा दुसरा अर्थही मुलांना सांगावा: एवढी पुंजी जमली की त्यातलं दुसऱ्याला देणं कर्तव्य होतं. ज्या मुलाला दोन घरांचे शब्द येतात त्याने ते तिसऱ्याच्या दारी पोचवायचे असतात.